तहान आणि आडोसा: द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका महिलेचे प्रकरण

नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मी गेली बावीस वर्षे दवाखाना चालवतो. गंगापूर धरण येथून जवळ आहे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आहेत आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांवर या बागांची बरीचशी कामे चालतात. उन्हाळी लागल्याची, म्हणजे लघवीला जळजळ होत असल्याची, तक्रार घेऊन येणाऱ्या बायांची माझ्याकडे कधीच कमतरता नसते. त्यांना औषध द्यायचे, ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगायचे आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे, असे मी वर्षानुवर्षे करत आलो. तो सल्ला किती अपुरा होता हे ज्या एका प्रकरणाने मला दाखवले, ते येथे सविस्तर नोंदवत आहे. संबंधित बाईंची संमती घेतली आहे. त्यांचे नाव, गाव आणि बागायतदाराची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी टोळीच्या टेम्पोतूनच त्यांना दवाखान्यात आणले गेले. वय ३८. उजव्या कुशीत उठलेली कळ जांघेपर्यंत उतरत होती. त्यांना एका जागी थांबवत नव्हते. बाकावर बसत, लगेच उठत, भिंतीला हात टेकून उभ्या राहत आणि पुन्हा बसत. सोबतच्या बायांनी वाटेत बाटलीभर पाणी पाजले होते, ते सगळे उलटून पडले होते. ही मुतखड्याची कळ होती. कळ चालू असताना भरमसाट पाणी प्यायल्याने खडा लवकर पडतो, या समजुतीला आधार नाही. उलट मळमळणाऱ्या रुग्णाचे त्याने हालच होतात. जीभ कोरडी होती, नाडी मिनिटाला १०४ होती. ताप मात्र नव्हता आणि ही मोठी दिलाशाची गोष्ट होती, कारण खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला तर मूत्रपिंडात जंतुसंसर्ग कोंडला गेल्याची शक्यता असते आणि अशा रुग्णाला जराही वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते.

तपासणीसाठी लघवी द्यायला सांगितले तेव्हा जेमतेम दोन-तीन चमचे झाली आणि तिचा रंग बिनदुधाच्या कोऱ्या चहासारखा होता. तपासणीच्या पट्टीवर रक्त आणि पू-पेशी दिसल्या. लघवी किती दाट आहे हे सांगणारे विशिष्ट गुरुत्व १.०३० आले, म्हणजे पट्टीवरचा शेवटचाच आकडा. दुसऱ्या दिवशी नाशिकला केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीत, मूत्राशयाच्या तोंडाशी, ५ मि.मी.चा खडा आणि उजव्या मूत्रपिंडाला किंचित सूज आढळली. डाव्या मूत्रपिंडात ३ मि.मी.चा आणखी एक खडा होता. क्रिएटिनिन ०.९ होते, त्यामुळे मूत्रपिंडांच्या कामाची चिंता नव्हती. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला, त्यानुसार प्रतिजैविक दिले आणि वेदनाशामक सुरू ठेवले. एवढ्या आकाराचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. हाही नवव्या दिवशी पडला. चहाच्या जुन्या गाळणीतून लघवी गाळायला मी सांगितले होते. गाळणीत सापडलेला खडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून आणला. तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झॅलेटचा निघाला, जो मुतखड्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

त्या दिवशी मी औषधाच्या चिठ्ठीवर लाल पेनने लिहिले, ‘रोज तीन लिटर पाणी.’ शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी टोमॅटो आणि दूध बंद केले होते, ते पुन्हा सुरू करायला सांगितले. टोमॅटोत ऑक्झॅलेट फारसे नसते आणि दूध-दही बंद केले तर आतड्यात ऑक्झॅलेटला बांधून ठेवणारे कॅल्शियमच कमी पडते. ठेच्यातले आणि लोणच्यातले मीठ मात्र कमी करायला सांगितले, कारण मीठ वाढले की लघवीवाटे जाणारे कॅल्शियमही वाढते. माझ्या दृष्टीने उपचार पूर्ण झाला होता.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या पुन्हा आल्या. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थोडी थोडी लघवी होणे. “पाणी पिता ना?” असे विचारल्यावर त्या “पिते की, डॉक्टर” म्हणाल्या. विशिष्ट गुरुत्व १.०२८ होते. म्हणजे त्या पाणी पीत नव्हत्या, हे पट्टी सांगत होती. मी त्यांना रागावलो. इतकी साधी गोष्टही तुम्ही लोक करत नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोललो. त्या मान खाली घालून बसून राहिल्या आणि औषध घेऊन निघून गेल्या. त्या बोलण्याची मला आजही खंत वाटते.

खरे कारण त्यांनी मला नव्हे, तर गावच्या आशाताईंना सांगितले. “पाणी पिलं की जावं लागतं ताई, अन् जायचं कुठं? छाटणी झाली, बाग सारी उघडी पडली.” आशाताईंनी हे वाक्य जसेच्या तसे माझ्यापर्यंत आणले. त्या दुपारी मी दवाखान्याची जुनी रजिस्टरे काढली. मागील बारा महिन्यांत या बाईंना उन्हाळीचा त्रास चार वेळा झाला होता: मागच्या मे महिन्यात, ऑक्टोबरअखेरीस, आता एप्रिलमध्ये खड्यासोबत आणि पुन्हा मेमध्ये. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. फळ निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोड्या बहराची छाटणी. दोन्ही वेळी वेलीवरचा पाला उतरतो आणि बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसू लागते. ऊन तर मार्चमध्येही कडक असते, पण मार्चमध्ये त्यांना कधी त्रास झालेला नव्हता. तेव्हा बाग पानांनी गच्च भरलेली असते आणि दोन ओळींच्या मध्ये बसलेली बाई रस्त्यावरून दिसत नाही.

किती पाणी प्यावे, याबद्दल थोडे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण ‘रोज आठ पेले’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले, आणि यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो हेही त्याच ठिकाणी नमूद केले होते. पहिले वाक्य लोकांच्या लक्षात राहिले, दुसरे विसरले गेले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी माणसासाठी साधारण दोन लिटर, म्हणजे आठ पेले पाणी सुचवते. कार्यालयात बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाने एवढे लक्षात ठेवले आणि तहान लागताच पाणी प्यायले, तरी त्याचे सहसा भागते. शरीरातील क्षारांची तीव्रता शेकडा एक-दोननेही वाढली की मेंदूला ते कळते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. मात्र मूत्रपिंडांनी कितीही काटकसर केली तरी शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी करावीच लागते, आणि त्या अर्ध्या लिटरमध्ये कॅल्शियम व ऑक्झॅलेट इतके दाटतात की त्यांचे स्फटिक जमू लागतात.

उन्हात राबणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. अशा कामात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. नाशिकची हवा थंड, हा लौकिक खरा असला तरी तो रात्रीपुरता. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम अंगावर न राहता उडून जातो. मुंबईत कपडे ओले होतात म्हणून पाणी गेल्याचे समजते, येथे ते समजत नाही. ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला होता. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीप्रमाणे पाणी पिणाऱ्या १०० जणांपैकी २७ जणांना झाला. वारंवार लागणाऱ्या उन्हाळीबाबत २०१८ चा एक अभ्यास मला या प्रकरणाच्या अधिक जवळचा वाटतो. त्यातील १४० स्त्रिया दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेय घेणाऱ्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले, तेव्हा वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. उरलेल्या जणींना ३.२ वेळा. पाणी प्यायल्याने जंतू मरत नाहीत. लघवी वारंवार झाल्यामुळे ते मूत्राशयात ठाण मांडण्याआधीच बाहेर पडतात. म्हणून नुसते पाणी पिणे पुरेसे नाही, लघवीला जाता येणे हाही औषधाचाच भाग आहे. या बाईंच्या दिवसात दोन्हींपैकी काहीच नव्हते.

आशाताईंनी त्यांना लिटरच्या खुणा केलेली बाटली दिली आणि एका नेहमीच्या कामाच्या दिवशी जे काही पितील ते मोजून ठेवायला सांगितले. पहाटे अर्धा कप चहा, १०० मि.ली. टेम्पोत बसायचे म्हणून त्यानंतर मुद्दाम काही नाही. दुपारी एकपर्यंत दोन-चार घोट, साधारण १५० मि.ली. भाकरीसोबत ३००. साडेतीनला चहा, १००. घरी परतल्यावर ४००. एकूण १,०५० मि.ली. लघवी पहाटे पाचला आणि त्यानंतर थेट संध्याकाळी सातला. मधल्या चौदा तासांत एकदाही नाही.

त्याच आठवड्यात मी बागायतदाराला विचारून बागेत गेलो. वाय आकाराच्या अँगलवर ताणलेल्या तारांवर वेली पसरल्या होत्या, ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, वीतभर नवी फूट आली होती आणि बाया हात वर करून फेलफूट, म्हणजे नको असलेले कोंब, काढत होत्या. सहा तास मान मागे टाकून आणि हात खांद्याच्या वर ठेवून उन्हात हे काम चालते. वीस लिटरचा थंड पाण्याचा जार बागायतदार रोज स्वतःच्या खर्चाने आणत होता, पण तो बागेच्या तोंडाशी, मोटारीच्या खोलीत ठेवलेला होता. बाया काम करत होत्या तेथून तो दीडशे पावलांवर होता. मी ती मोजली. काम उक्ते होते. एक बाई ओळ सोडून गेली की तिची ओळ मागे राहते आणि सगळ्या टोळीचा हिशेब लांबतो. एका बाजूला डांबरी रस्ता, दुसऱ्या बाजूला शेजारच्या बागेत फवारणी करणारी पोरे, तिसऱ्या बाजूला उघडा बांध. पाळीच्या दिवसांत बाया काय करत असतील, हा प्रश्न मला तेथे उभा राहिल्यावर पहिल्यांदा पडला, आणि बावीस वर्षांत तो कधी पडला नव्हता याचे वाईट वाटले.

बागायतदार काळजीने शेती करणारा माणूस आहे. त्याच्या वहीत ठिबकच्या नोंदी होत्या: कोणत्या प्लॉटला किती तास पाणी सोडले, वेलीला किती लिटर मिळाले. मी त्याला बाईंची १,०५० मि.ली.ची नोंद दाखवली. तो बराच वेळ ती पाहत राहिला. “डॉक्टरसाहेब, वेलीला ताण पडला की पान सांगतं,” तो म्हणाला. “या बाया कधी काही बोलल्या नाहीत.” त्याच्याशी वाद घालण्याची गरजच पडली नाही. येथून थोड्याच अंतरावर असलेल्या सातपूरच्या कारखान्यांना नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याच्या कलम १८ मध्ये पिण्याच्या पाण्याची आणि कलम १९ मध्ये शौचालय व मुतारीची सोय बंधनकारक होती. द्राक्षबाग कारखाना नसल्यामुळे बागेतल्या बाईला त्या कलमांचा उपयोग होत नव्हता. तिला जे मिळे ते बागायतदाराच्या समजुतीवर.

प्रत्यक्षात जे करायचे होते ते फार खर्चाचे नव्हते. बागेत पडून असलेली हिरवी शेडनेट, चार बांबू, बसायला दोन फरशा, पाण्याचा एक ड्रम, मग आणि साबण. जागा बांधालगत, उताराच्या खालच्या अंगाला आणि विहिरीपासून लांब निवडली; लघवीचे पाणी जिरण्यासाठी विटांचे तुकडे भरलेला खड्डा केला. जाळी एकेरी लावली तर उन्हाच्या बाजूने सावली दिसते, हे बायांनीच दाखवून दिले, म्हणून ती दुहेरी केली. बागेच्या मधोमध लिंबाच्या झाडाखाली दोन माठ ठेवले, ओगराळ्यासह. सगळ्यांत कठीण गेले ते मुकादमाला राजी करणे. अकरा वाजता आणि साडेतीन वाजता सगळ्या टोळीने एकदमच ओळी सोडायच्या, म्हणजे कोणा एकीला उठून जावे लागणार नाही आणि कोणाची ओळ मागे राहणार नाही, असे ठरले. पहिला आठवडाभर तो कुरकुरला. नंतर त्याने तो विषय काढला नाही.

मग मी बाईंसाठी नव्याने चिठ्ठी लिहिली. या वेळी आकड्याच्या जागी वेळा लिहिल्या. उठल्यावर घरचा तांब्या अर्धा, म्हणजे अर्धा लिटर, आणि निघण्यापूर्वी लघवी. बागेत पोहोचल्यापासून जेवणापर्यंत सव्वा लिटर, पण एका दमात नाही. दर वीसेक मिनिटांनी, ओळीचा निम्मा टप्पा संपला की चार घोट. जेवणानंतर सुटीपर्यंत एक लिटर. घरी अर्धा लिटर, झोपण्यापूर्वी दोन तास आधी संपवायचे. एकूण सव्वातीन लिटरच्या आसपास. जेवणात ताक आणि भाकरीसोबतचे नेहमीचे मीठ असेल तर वेगळी पावडर लागत नाही. तासाला दीड लिटरहून जास्त पाणी घटाघटा पिऊ नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. हे सांगत असताना टोळीतील एका बाईने विचारले की, तिच्या सासऱ्यांच्या पायांना सूज असते आणि ते लघवीची गोळी घेतात, तर त्यांनाही हेच सांगू का. मी तिला स्पष्टपणे नाही म्हणालो. हृदय किंवा मूत्रपिंडे अशक्त झालेल्या माणसाला पाणी मोजून, त्याच्या डॉक्टरांना विचारूनच द्यायचे असते.

जूनअखेरीस सुटीच्या दिवशी त्यांनी चोवीस तासांची लघवी डब्यात जमा करून मोजली. ती दोन लिटरला थोडी कमी भरली. कामाच्या दिवशी दुपारी चारला तपासलेले विशिष्ट गुरुत्व १.०१४ होते. पावसाळा निर्वेध गेला. पण पावसाळ्यात घाम कमी असतो आणि काम वेगळे असते, त्यामुळे त्याचे श्रेय मी या उपायांना देत नाही. खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीत होणार होती. ती सुरू झाली तेव्हा टोळी दुसऱ्या बागायतदाराकडे होती, तेथे आडोसा नव्हता, आणि चौथ्याच दिवशी जळजळ सुरू झाली. त्या या वेळी त्याच संध्याकाळी आल्या, अंगावर काढले नाही. मी कारण विचारण्याआधी त्यांनीच सांगितले. कल्चरनुसार पाच दिवसांच्या औषधाने त्रास थांबला. एकाच रुग्णाच्या अशा अनुभवावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, परंतु त्यानंतर माझ्याकडे उन्हाळी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी ‘कामावर जायला जागा आहे का’ हे विचारतो आणि पाण्याचे नंतर बोलतो. हा प्रश्न आशाताई किंवा दवाखान्यातल्या परिचारिकेने विचारला तर उत्तर खरे मिळते, हेही आता लक्षात आले आहे.

नोव्हेंबरमध्ये केलेल्या सोनोग्राफीत डावीकडचा ३ मि.मी.चा खडा तेवढाच होता, नवा दिसला नाही. टोळी वर्षभरात सात-आठ बागांत काम करते. त्यांपैकी तीन बागांत आता कायमचा आडोसा आहे. उरलेल्यांसाठी बायांनी स्वतःच एक उपाय काढला. जुनी नऊवारी मधून दुमडून तिच्या वरच्या काठाला सुतळीचे फास शिवले आहेत. छाटलेल्या बागेत पाला नसला तरी तारा असतातच. शेवटच्या दोन ओळींच्या तारांना फास अडकवले की साडी चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सुटते. परवा एका बागेवरून जाताना मला ती जांभळी साडी लांबूनच दिसली. सकाळचे अकरा वाजले होते, टोळी ओळींतून बाहेर आली होती आणि बाई आपली रिकामी बाटली घेऊन माठाकडे निघाल्या होत्या.